जुना अकरा पिनी बेस, नवीन पीएलसी: सँड प्लांटच्या पॅनेलच्या नोंदी

काम कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं. नॉकआउटखालचा (ओतलेले भाग साच्यातून पाडतात तिथला) बेल्ट, बकेट एलिव्हेटर, वरचा हॉपर, मिक्सर आणि तयार वाळूचा बेल्ट, असा नेहमीचा सँड प्लांट, म्हणजे साच्याची वाळू परत तयार करणारी यंत्रणा. सगळं इंटरलॉकिंग (एक यंत्र चालू असेल तरच दुसरं चालू होऊ देणं) रिलेवर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की कॉन्टॅक्ट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर. बेसमध्ये (सॉकेटमध्ये) खोचलेले अकरा पिनी गोल रिले बारा, आठ पिनी टायमर दोन, कंट्रोल सप्लाय ट्रान्सफॉर्मरवरून ११० व्होल्ट एसी. मालकांना पीएलसी (हेच काम प्रोग्रॅमने करणारा कंट्रोलर) हवा होता, पण अट अशी की दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या पाळीला मोल्डिंगला वाळू मिळालीच पाहिजे. असं काम कुणी हातात घेणार असेल त्याच्यासाठी या नोंदी.

२० सप्टेंबर २०२५

पॅनेल उघडून बघितलं. दाराच्या आत चिकटवलेलं ड्रॉइंग पिवळं पडलंय आणि त्यानंतर झालेले बदल त्यावर नाहीत. नंबर फेरूल (वायरीवरचे नंबराचे छल्ले) अर्धे पुसलेले, काही ठिकाणी नुसती वायर. कोळशाची भुकटी आणि बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) सगळीकडे बसलंय. हेल्पर कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला, त्याला थांबवलं. त्या हवेतून तेल आणि पाणी येतं आणि धूळ सरळ कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) पोटात जाते. व्हॅक्यूम आणि रंगाचा ब्रश, तेवढंच.

नेहमीची पद्धत म्हणजे जुन्या बेसवरच्या वायरी सोडवायच्या आणि नवीन कनेक्टरच्या पट्टीवर आणायच्या. इथे एकेका बेसवर दहा-अकरा वायरी, त्यातल्या बऱ्याच स्क्रूखाली दोन-दोन. सोडवल्या की तुटणार, कमी पडणार, आणि कोणती कुठली हे शोधण्यातच सुट्टी संपणार. मेंटेनन्सचे मामा तीस वर्षं हे पॅनेल सांभाळतायत. ते एवढंच म्हणाले, "सायेब, वायर तेवढी तोडू नगा. मागं एकानं तोडली, दोन दिस प्लांट बंद हुता."

म्हणून ठरवलं की जुना बेस हाच कनेक्टर समजायचा. रिले उपटायचा, त्या जागी अकरा पिनी प्लग घालायचा, आणि प्लगमधून केबल शेजारच्या नव्या प्लेटवरच्या १४ पिनी रिले बेसपर्यंत न्यायची. प्लांटमधून आलेल्या वायरींच्या एकाही स्क्रूला हात नाही. अडलंच तर प्लग काढून जुना रिले परत. इमर्जन्सी स्टॉपची साखळी ट्रान्सफॉर्मरच्या लगेच पुढे आहे, ती जशीच्या तशी राहते. पीएलसीचा तिच्याशी संबंध येत नाही आणि येऊही द्यायचा नाही.

२७ सप्टेंबर

नंबरांची जुळवणी कागदावर केली. पोल म्हणजे कॉन्टॅक्टचा एक संच: कॉमन, एरवी उघडा असणारा एनओ आणि एरवी जोडलेला एनसी. अकरा पिनीत कॉइल २ आणि १०. पहिला पोल १ कॉमन, ३ एनओ, ४ एनसी. मधला ६ कॉमन, ७ एनओ, ५ एनसी. तिसरा ११ कॉमन, ९ एनओ, ८ एनसी. नव्या १४ पिनीत कॉमन ९ ते १२, एनसी १ ते ४, एनओ ५ ते ८, कॉइल १३ आणि १४. म्हणून:

पहिला पोल: १ → ९, ३ → ५, ४ → १
मधला पोल: ६ → १०, ७ → ६, ५ → २
तिसरा पोल: ११ → ११, ९ → ७, ८ → ३

खरी डोकेदुखी ११ या आकड्याची. जुन्या बेसवर ११ म्हणजे तिसऱ्या पोलचा कॉमन. नव्या बेसवर पिन नंबरने ११ म्हणजेही तिसऱ्या पोलचाच कॉमन. पण त्याच बेसवर शेजारी युरोपियन पद्धतीचे नंबरही छापलेले असतात, ११-१२-१४, २१-२२-२४ असे, आणि त्यात ११ म्हणजे पहिल्या पोलचा कॉमन. वायरमनने बेसवर ११ वाचलं आणि तिथे वायर लावली, तर त्याची चूक कशी काढणार? म्हणून फेरूलवर नुसता पिन नंबर घालायचा नाही असं ठरवलं. आधी रिलेचा नंबर, मग जुन्या बेसचा पिन: के४-११. दोन्ही टोकांना तोच फेरूल. नव्या बेसवरचे छापील नंबर फक्त आमच्या तक्त्यात, वायरवर नाहीत.

जुन्या कॉइलचे २ आणि १० वेगळे काढले. तिथे जे ११० व्होल्ट यायचे ते आता एका स्लिम (पातळ, छोट्या) रिलेच्या कॉइलला जातील आणि त्याचा कॉन्टॅक्ट पीएलसीला इनपुट देईल. म्हणजे पुश बटण, लेव्हल स्विच, ओव्हरलोड यांच्या वायरीसुद्धा जागच्या हलत नाहीत.

चौथा पोल मोकळा राहतो. तो फीडबॅकसाठी, म्हणजे रिले खरंच ओढला का ते पीएलसीला कळवायला, वापरायचा मोह झाला होता, पण एकाच रिलेत शेजारशेजारच्या पोलवर ११० एसी आणि २४ डीसी मला नको. शिवाय पीएलसीचं इनपुट जेमतेम पाच-सात मिलीअँपियर ओढतं. साध्या कॉन्टॅक्टवर, या धुळीत, इतक्या कमी करंटचा भरवसा वर्षभराने उरत नाही.

जुने कॉन्टॅक्ट १० अँपियरचे, नवे ५ चे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलना ते पुरून उरतात. अपवाद एकच: हॉपरखालच्या व्हायब्रेटिंग फीडरचं मॅग्नेट सरळ रिलेवर आहे, आणि कुणीतरी दोन पोल पॅरलल करून ठेवलेत. पॅरलल केले म्हणून दुप्पट भार तोडता येत नाही, कारण दोन्ही कॉन्टॅक्ट एकाच क्षणी उघडत नाहीत. जो शेवटी उघडतो तो सगळा मार खातो. तिथे छोटा कॉन्टॅक्टर टाकणार.

४ ऑक्टोबर

दसऱ्याच्या पूजेचं कुंकू अजून पॅनेलच्या दारावर आहे.

प्लगसाठी दोन वाटा होत्या. एक, तयार अकरा पिनी प्लग. कोल्हापुरात हवे तेवढे मिळाले नाहीत, मुंबईत लोहार चाळीतून मागवावे लागतात. दुसरी, मामांच्या खोक्यातले जळके रिले. कव्हर काढायचं, कॉइल आणि कॉन्टॅक्टच्या पत्त्या कापायच्या, आणि पिनांच्या मागच्या बाजूला वायर सोल्डर करायची. फुकटात काम, म्हणून वायरमनने चार केले.

दिसायला झकास. पण एकेकाला तासापेक्षा जास्त वेळ गेला, जुन्या पिनांवरचा काळा थर घासल्याशिवाय सोल्डर धरत नव्हतं, आणि तापलेलं बॅकेलाइट एका ठिकाणी तडकलं. मजुरी धरली तर तयार प्लगच स्वस्त पडतो. मला तो साधारण १२० रुपयाला पडला. मागवले.

९ ऑक्टोबर

टेबलावर तपासणीसाठी जिग केला: एका पट्टीवर अकरा पिनी बेस, प्रत्येक पोलच्या एनओ आणि एनसीला एकेक दिवा. त्यात प्लग घालायचा, दुसऱ्या टोकाचा नवा रिले २४ व्होल्टवर ओढायचा आणि दिवे बघायचे.

भंगारातून केलेल्या चार प्लगपैकी दोन उलटे निघाले. हे नीट लिहितो, कारण ही चूक लपून बसणारी आहे.

गोल रिलेच्या पिना खालून, म्हणजे पिनांच्या बाजूने बघितल्यावर खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. सोल्डर करताना आपण आतून बघत असतो. तिथून क्रम उलटा येतो. भंगार बेसच्या आतल्या बाजूला नंबर नसतात. आतून काट्याच्या दिशेने मोजत गेलात तर १ च्या जागी ११ येतो, २ च्या जागी १०, ३ च्या जागी ९, ४ च्या जागी ८, ५ च्या जागी ७. सहा तेवढा जागेवर राहतो.

आता गंमत बघा. कॉइल २-१० उलटली तरी कॉइलच. पहिला पोल १-३-४ उलटून ११-९-८ होतो, म्हणजे कॉमनच्या जागी कॉमन, एनओच्या जागी एनओ, एनसीच्या जागी एनसी. नुसते पहिला आणि तिसरा पोल बदलले जातात. बझर (वायर जोडलेली असेल तर वाजणारा टेस्टर) लावून बघितलं तर सगळं बरोबर वाटतं. बिघडतो फक्त मधला पोल: ६ कॉमन तसाच, पण ५ आणि ७ अदलाबदल, म्हणजे एनओचा एनसी. वायरमनने बझरने कॉइल आणि पहिला पोल तपासून प्लग बाजूला ठेवले होते, आणि तेवढ्यात ही चूक सापडणं शक्यच नव्हतं.

एलिव्हेटरच्या रिलेचा मधला पोल खालच्या बेल्टच्या इंटरलॉकमध्ये आहे. तो उलटा बसला असता तर एलिव्हेटर बंद असतानाच बेल्ट चालला असता, आणि बूटमध्ये (एलिव्हेटरच्या तळाशी) साठलेली वाळू फावड्याने उपसावी लागली असती.

आठ पिनी टायमरच्या प्लगला हीच चूक झाली तर ती आणखी आत लपते. २-७, १-८, ३-६, ४-५ अशा जोड्या उलटतात आणि दोन्ही पोल पूर्ण बरोबर दिसतात, फक्त एकमेकांच्या जागी. ज्या टायमरमध्ये एक पोल तात्काळ आणि दुसरा वेळेनंतर चालतो, तिथे नेमका घोळ होतो. त्यामुळे प्रत्येक प्लगचे सगळे पोल, एनओ आणि एनसी दोन्ही, जिगवर बघायचे. एकेका प्लगला दोन मिनिटंही लागत नाहीत.

भंगारवाले चारही प्लग बाद केले. आलेल्या तयार प्लगला आतून नंबर आहेत, बारीक आहेत पण आहेत.

१३ ऑक्टोबर

नवी प्लेट वर्कशॉपमध्ये तयार झाली. वर पीएलसी आणि त्याला २४ व्होल्ट डीसी देणारा एसएमपीएस, मध्ये स्लिम रिले, खाली १४ पिनी बेसची रांग. ११० आणि २४ च्या वायरी वेगवेगळ्या पीव्हीसी चॅनलमधून. प्रत्येक प्लगला १२ कोर पाऊण स्क्वेअर एमएमची केबल, टोकाला पिन लग (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची पिन).

कॉइलचा मायनस सगळ्या बेसवर लूप करायचा असतो. आमच्या बेसला तयार कंगवा जंपर मिळाला नाही, म्हणून ट्विन पिन लगने एका बेसवरून दुसऱ्यावर नेला. लूपचं शेवटचं टोक परत मायनसला आणून जोडलं, म्हणजे पुढेमागे कुणी मधला एक स्क्रू सोडला तरी पुढचे सगळे रिले पडणार नाहीत. एक जादा वायर, बाकी काही नाही.

प्लेट चालू केली आणि पीएलसीचं एक आउटपुट ओव्हरलोड दाखवून बंद पडलं. दुकानात एका कंपनीचे रिले संपले म्हणून दोन दुसऱ्या कंपनीचे आणले होते. आत एलईडी आणि डायोड दोघांच्याही, पण एकाला प्लस १३ वर हवा, दुसऱ्याला १४ वर. उलटं दिलं की डायोड सरळ शॉर्ट. आउटपुटला प्रोटेक्शन होतं म्हणून वाचलं. दोन रिले परत केले, एकाच कंपनीचे घेतले, आणि प्लेटवर रिलेचा पूर्ण मॉडेल नंबर लिहिलेली पट्टी लावली. नाहीतर वर्षभराने बदली करणारा माणूस बसतो म्हणून दुसरा रिले बसवणार.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दुपारी प्लांट थांबला. मेन बंद, कुलूप, पाटी. जुने रिले काढताना प्रत्येकावर मार्करने के१, के२ असं लिहून खोक्यात क्रमाने ठेवले. जुन्या बेसची आतली स्प्रिंग ढिली आहे का ते मोकळ्या पिनेने बघितलं. मिक्सरच्या बेसचा ६ नंबर नुसता लोंबत होता. तो बारीक पेचकसाने दाबून घेतला.

सगळे प्लग बसवायला संध्याकाळही लागली नाही. त्यामानाने फीडरच्या छोट्या कॉन्टॅक्टरला डिन चॅनलवर जागा करण्यात जास्त वेळ गेला.

१९ ऑक्टोबर

वाळूशिवाय चालवून बघितलं. मोटरचे पॉवर फ्यूज काढलेले, फक्त कॉन्टॅक्टर ओढतात-सोडतात ते बघायचं.

पहिली अडचण लॅचची, म्हणजे स्टार्ट बटण सोडल्यावरही रिले ओढलेला ठेवण्याची. जुन्या सर्किटमध्ये रिलेचा स्वतःचाच एनओ स्टार्ट बटणाला पॅरलल असतो. आता लॅच पीएलसीत आहे, मग तो कॉन्टॅक्ट कशाला हवा, म्हणून त्या वायरी प्लगमध्ये जोडल्याच नव्हत्या. स्टार्ट दाबला, कॉन्टॅक्टर ओढला. स्टॉप दाबला, काहीच नाही. कारण सोपं आहे. स्टॉप बटण कॉइलच्या लाइनमध्ये आहे, आणि स्टार्ट सोडल्यावर ती लाइन आधीच मेलेली. मेलेली लाइन तोडली तर पीएलसीला कळणार कसं? त्या वायरी परत जोडल्या आणि पीएलसीतला लॅच काढून टाकला. आता इनपुट आहे तोवर आणि बाकी अटी पूर्ण आहेत तोवर आउटपुट. स्टॉपने लाइन तुटते, इनपुट जातं, आउटपुट जातं. जुनी वायरिंग ठेवायची असेल तर तिचं वागणंही ठेवावं लागतं. प्रोग्रॅम तिच्यापेक्षा हुशार करायला गेलं की असं होतं.

दुसरी अडचण शोधायला रात्र झाली. हॉपर भरल्याचा लेव्हल स्विच उघडला तरी पीएलसीचं इनपुट जात नव्हतं. स्विच ठीक, केबल ठीक. स्लिम रिलेच्या कॉइलवर मीटर लावला तर स्विच उघडा असताना ७५ व्होल्ट! वर जाऊन स्विचची डबी उघडली. आत कॉन्टॅक्टवर कधीकाळी कुणीतरी ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर (ठिणगी दाबणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी) लावलेला. ५० हर्ट्झला हा कपॅसिटर साधारण ३२ किलोओहम, म्हणजे ११० व्होल्टवर त्यातून साडेतीन मिलीअँपियरपर्यंत करंट सरकतो. जुनी कॉइल वीस-बावीस मिलीअँपियर खायची, तिला ही गळती जाणवतही नव्हती. स्लिम रिलेला मुळात तीन-चारच लागतात. तो धरूनच बसतो.

स्नबर काढणं हा खरा उपाय. पण डबीच्या आतले टर्मिनल गंजलेले, रात्री त्यांना हात लावायची हिंमत केली नाही. स्लिम रिलेच्या कॉइलला पॅरलल ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाकला, तेव्हा उरलेला व्होल्टेज १४ वर आला आणि रिले सुटला. लाइन चालू असताना या रेझिस्टरमध्ये अडीच वॉटच्या वर उष्णता होते, म्हणून १० वॉटचा सिमेंटचा घेतला आणि वायरींपासून लांब, मोकळा बसवला. पाव किंवा अर्ध्या वॉटचा टाकाल तर जळेल.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, माणसं परत आली. वाळू घालून चाचणी. क्रम बरोबर: आधी तयार वाळूचा बेल्ट, मग मिक्सर, एलिव्हेटर, शेवटी नॉकआउटचा बेल्ट.

तासाभराने मिक्सर मध्येच थांबला, परत लागला, परत थांबला. कॉन्टॅक्टरचा आवाज ऐकून मामांनी प्लगवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे हलतंय ओ." रिले हलका असतो. प्लगच्या मागे १२ कोर केबलचं वजन लोंबतं, आणि मिक्सरच्या हादऱ्याने तो तसूतसूने बाहेर येतो. जुन्या बेसला रिले दाबून धरणारी तारेची क्लिप होती, पण ती रिलेच्या उंचीची, बुटक्या प्लगवर पोचत नव्हती. क्लिपा वाकवून बुटक्या केल्या, आणि केबलला प्लगपासून चार बोटांवर टायने पट्टीला बांधलं. वजन पट्टीवर गेलं, प्लगवर काहीच उरलं नाही. केबल बांधायची सोय प्लेट बनवतानाच करायला हवी होती.

२७ ऑक्टोबर

पहिल्या पाळीला वाळू वेळेत. इंटरफेसचा खर्च, म्हणजे प्लग, रिले-बेस, स्लिम रिले, केबल, लग आणि फेरूल धरून सोळा हजारांच्या आसपास. पीएलसी, एसएमपीएस आणि मजुरी वेगळी. बाद केलेल्या भंगार प्लगांची मजुरी मी बिलात धरलेली नाही.

८ नोव्हेंबर

फोन आला, एसएमपीएस गेला. दुसरा पोचेपर्यंत दुपार होणार होती. मामांना फोनवर सांगितलं की सगळे प्लग काढा, खोक्यातले रिले नंबरप्रमाणे घाला, दोन टायमरही. एकेक नाही, सगळे एकदम. निम्मं लॉजिक जुनं आणि निम्मं मेलेलं असं चालत नाही. वीस मिनिटांत प्लांट जुन्या पद्धतीने सुरू झाला. के७ गुरगुरत होता. कव्हर काढलं तर आर्मेचरखाली वाळूचा कण, फुंकून काढला.

संध्याकाळी नवा एसएमपीएस बसवून प्लग परत घातले. जुन्या रिलेंचं खोकं आता झाकणाचं केलंय आणि पॅनेलच्या आतच खाली ठेवलंय.

राहिलेली कामं: लेव्हल स्विचच्या डबीतला स्नबर काढून, कॉइलच्या बाजूला नेऊन रेझिस्टर हटवणं. दुसरा एसएमपीएस डायोड मॉड्यूलसह, म्हणजे एक गेला तरी दुसरा चालू राहील. जुन्या ड्रॉइंगवर मामांना ठाऊक असलेले बदल त्यांच्याकडून लिहून घेणं. ते मार्चमध्ये निवृत्त होतायत.